अध्यक्षांची गाय

आमचे अध्यक्ष सकाळी आठला उठतात. तोवर गोठ्यातल्या नऊही गाईंच्या धारा काढून झालेल्या असतात, शेण भरून झालेलं असतं, दुधाचे कॅन गाडीत चढलेले असतात आणि मी दुसरा चहा घेऊन पायरीवर टेकलेली असते. मग अध्यक्ष दात घासत गोठ्याच्या दारापर्यंत येतात, आत नजर टाकतात आणि विचारतात, "आत्या, सगळं ओके ना?" दारापर्यंतच हं. आत नाही. आत शेण असतं आणि अध्यक्षांचे बूट पांढरे असतात.

अध्यक्ष म्हणजे माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. पाळण्यात असल्यापासून त्याची एक खोड. एकटा असला की गप्प, चार माणसं जमली की भोकाड. शाळेत पाठांतर शून्य, पण निरोप समारंभाचं भाषण याचंच. पुढे शेतकीच्या पदविकेला घातला. दोन वर्षं काढली, पदविका काही हाती आली नाही. मग शहरात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं, ते बुडालं. मग दाढी वाढवून घरी आला आणि आल्या आल्या जाहीर करून टाकलं की आता तरुणांनी शेतीकडे वळलं पाहिजे.

मी म्हटलं, "वळ की बाबा. शेत हे काय, मागच्या दाराला लागून आहे." पण त्याला स्वतः वळायचं नव्हतं, दुसऱ्यांना वळवायचं होतं. त्याने युवा कृषी मंच काढला. सात पोरं, सातही पदाधिकारी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष, प्रसिद्धीप्रमुख आणि काय काय. साधा सभासद म्हणून औषधालासुद्धा नाही. आणि मंचाने भरवलं कृषी प्रदर्शन.

खोटं कशाला बोलू, पोरगा खटपट्या आहे. पहिल्या वर्षी शाळेच्या मैदानात तीन टेबलं आणि एक जुना ट्रॅक्टर होता, तोही धक्का मारून आणलेला. चौथ्या वर्षी बघाल तर दीडशे स्टॉल, मांडव, हिरवा गालिचा, पाण्याच्या टाक्या. घरात हाक मारली तरी न उठणारी पोरं तिथे खुर्च्या लावत पळत होती. बियाण्यांचे, ठिबकचे, यंत्रांचे लोक लांबून आले. म्हातारे शेतकरी पण येऊन हात लावून बघून गेले. एवढं सगळं त्याने उभं केलं हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की लोकांना शेती दाखवणाऱ्याने एकदा ती स्वतः बघावी. स्टेजवर त्याच्या पाठीमागे दोन मजली फलक होता. त्यावर हा, हातात पाचट भरलेलं टोपलं घेऊन. टोपलं उचलून माझ्या भाचीने त्याच्या हातात दिलं होतं आणि फोटो झाल्यावर परत घेतलं होतं.

ती भाची म्हणजे त्याची धाकटी बहीण. सगळे तिला बारकी म्हणतात. बावीस वर्षांची आहे, पण अजून बारकीच. ती पहाटे पाचला माझ्याबरोबर गोठ्यात असते. कुठली गाय कुठल्या बाजूने बसलं की पान्हा सोडते, कुठली हात गार लागला की दूध चोरते, हे तिला कोणी शिकवलं नाही. आमची ढगी नावाची गाय तर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. ढगीची आई वितानाच गेली होती. आता ढगी तिसऱ्या विताची, गोठ्यातली सगळ्यात दुधाळ, आणि बारकीच्या मागे मागे चालायची. दावं लागायचं नाही.

भाऊंचे, म्हणजे माझ्या भावाचे, गुडघे गेले तशी त्यांनी गाई विकायची भाषा सुरू केली. "पोरगा शेतीचा पुढारी झाला, त्याला गोठ्यात वेळ नाही. पोरीला शहरात नोकरी बघू. गाई कोणासाठी ठेवायच्या?" बारकी म्हणाली, "माझ्यासाठी." भाऊ हसले. ती हसली नाही. दोन दिवस जेवली नाही तेव्हा भाऊंनी तोडगा काढला. प्रदर्शनात दुभत्या गाईंची स्पर्धा होती. "ढगीचा पहिला नंबर आण. आणलास तर गोठा तुझा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर व्यापारी सोमवारी येतोय." काय डोक्यात आलं त्यांच्या कोण जाणे. माझ्या मते पोराच्या प्रदर्शनात घरची गाय पहिली आलेली त्यांना बघायची होती.

आता या स्पर्धेतली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. गाय मैदानात उभी केली की परीक्षक आधी कास बघतो. भरलेली, रुंद, तटतटलेली कास हवी. म्हणून लोक सकाळची धार काढतच नाहीत. पाच तास गाय जरा अवघडते, दहाला परीक्षण होतं, लगेच धार काढतात, संपलं. सगळेच करतात. मला आवडत नाही, पण सगळेच करतात.

अध्यक्षांना तेवढ्याने भागणार नव्हतं. आदल्या दिवशी दाराशी उभं राहून म्हणाले, "बारके, संध्याकाळची पण अर्धीच काढ. कास अशी दिसली पाहिजे की लोक बघत राहिले पाहिजेत."

मी म्हटलं, "मेल्या, ती कास आहे, फुगा नाही."

"आत्या, तुला स्पर्धेतलं काय कळतं?"

तीस वर्षं मी धारा काढतेय. नवरा गेल्यावर या घरात आले ती थेट गोठ्यातच. मला काय कळतं! मी बारकीकडे बघितलं. ती म्हणाली, "आत्या, एकच रात्र. दहाला नंबर लागला की मी स्वतः काढते." आणि तिने अर्धीच काढली. ढगी वळून वळून बघत होती, की ही मध्येच उठली कशी.

सकाळी नऊला बारा गाई मैदानात रांगेला उभ्या. बाराही जणांनी तेच केलेलं. सगळी पोरंपोरीच होती, विशीबाविशीतली, केस विंचरून, गाई धुऊनपुसून. मला बरं वाटलं, खोटं का सांगू. परीक्षक साडेनऊलाच येऊन बसले होते, गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त डॉक्टर. दहा वाजले. आणि स्टेजवरून अध्यक्षांचा आवाज आला, "प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. दुभत्या गाईंचं परीक्षण त्यांच्या उपस्थितीत होईल."

का? तर विजेत्या गाईबरोबर पाहुण्यांचा फोटो हवा. अर्धा तास म्हणता म्हणता अकरा झाले. बारा झाले. पाहुणे वाटेतच. कुठली वाट होती ती देव जाणे. ऊन चढलं. गाई पाय फाकवून उभ्या राहायला लागल्या. ढगीच्या सडांतून दूध टपकायला लागलं, गालिच्यावर पांढरं थारोळं झालं, त्यावर माश्या.

मग काढायची ना धार, असं तुम्ही म्हणाल. तर नियम होता. पत्रकावर ठळक छापलेला, आमच्याच अध्यक्षांनी आमच्याच ओट्यावर बसून लिहिलेला. परीक्षणाआधी मैदानात धार काढलेली गाय स्पर्धेतून बाद. कोणी कासेची लबाडी करू नये म्हणून म्हणे.

एक वाजता बारकी स्टेजमागे गेली, मी तिच्या पाठोपाठ. अध्यक्ष पुष्पगुच्छ मोजत होते.

"दादा, ढगीचं दूध गळतंय. परीक्षण आत्ता करून घे."

"पाहुणे अर्ध्या तासात येतायत."

"सकाळपासून अर्धाच तास चाललाय. मग तो नियम तरी काढून टाक. बाराही जणांना धार काढू दे."

"मीच केलेला नियम मीच मोडू? एवढ्या लोकांसमोर? लोक काय म्हणतील, घरची गाय म्हणून नियम बदलला."

"गाय कोणाची पण असू दे रे, तिला त्रास होतोय!"

"बारके, चार वर्षांची मेहनत आहे माझी. आजच्या दिवस रडू नकोस."

दोन वाजता वेळ भरून काढायला अध्यक्ष स्वतःच भाषणाला उभे राहिले. विषय, मुक्या जनावरांची भाषा आणि आजचा तरुण. तिकडे बारा मुकी जनावरं अशी हंबरत होती की कर्णा फिका पडावा. थोड्या वेळाने मंचाचा कोषाध्यक्ष छातीवर बिल्ला लावून आमच्याकडे आला. "आत्या, गाई जरा लांब नेता का? मागच्या लोकांना भाषण ऐकू येत नाहीये." मी त्याला काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो परत गेला.

रांगेतली पोरं एकमेकांकडे बघत होती. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच, पण आधी कोण बसणार? पहिला बसेल तो बाद आणि बाकीच्यांचा फायदा. बारकी दोनदा ढगीखाली बसली आणि दोनदा उठली. तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा साडेतीन झाले होते. तिने कासेला हात लावला आणि झटकन काढून घेतला, इतकी ती तापलेली. ती खालूनच माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, काढू का?"

बादली माझ्या हातात होती. सकाळपासून होती. "काढ" एवढं म्हणायचं होतं मला. बारकीने लगेच काढली असती, ती माझ्या एका शब्दासाठीच थांबली होती. पण माझ्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला. गोठा रिकामा, आणि भावाच्या घरात मी, काही काम नसलेली, दोन वेळा ताटावर बसणारी बाई. मी म्हणाले, "थांब अजून थोडं. आता येतीलच."

ती उठली आणि ढगीच्या मानेला धरून उभी राहिली.

पाहुणे साडेचारला आले. परीक्षक रांगेतून फिरले. ढगीच्या कासेवरून त्यांनी हात फिरवला, मागच्या उजव्या सडापाशी हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. मी मान फिरवली. त्यांनी कागदावर लिहिलं, पहिला क्रमांक. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ढगीच्या पाठीवर हात ठेवला, जन्मात पहिल्यांदा, आणि फोटो निघाला. एरवी परक्या हाताला लाथ मारणारी गाय, पण पाय उचलायचंसुद्धा तिच्यात त्राण नव्हतं. पाहुणे पाच मिनिटांत गेले.

मांडवामागे बारकी धारेला बसली. तीन सडांतून दूध आलं. मागच्या उजव्यातून आधी गुठळ्या आल्या आणि मग पिवळसर पाणी. बारकी हळूहळू चोळत राहिली, "ये गं, ये गं" म्हणत राहिली. ढगी थरथरत होती, पण हलली नाही.

कासेचा तो भाग दगडासारखा झाला. गावचे गुरांचे डॉक्टर पाच दिवस येत होते. सुया झाल्या, शेक झाले. बारकी गोठ्यातच झोपायची. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी हात धुतले आणि सांगितलं की गाय वाचली, तो सड गेला. ढगी आता कायमची तीन सडांची.

भाऊंनी शब्द प्रदर्शनाच्या रात्रीच पाळला होता. व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गोठा बारकीचा." बारकी "बरं" म्हणाली. चषक मंचाच्या कार्यालयात गेला. ढगीचा फोटो पेपरात आला, खाली अध्यक्षांचं नाव. तिचा सड गेल्याचं मात्र कुठे छापून आलं नाही.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांना दुसऱ्या गावच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. व्याख्यान, दुभत्या गाईंची निगा. आता पहिल्या नंबरच्या गाईचे मालक ना ते! त्या संध्याकाळी आम्ही धारेला बसलो होतो आणि अध्यक्ष चक्क गोठ्याच्या आत आले, वही घेऊन. बूट काढून आले होते, एवढं मात्र बघितलं मी.

"बारके, चार-पाच मुद्दे सांग ना पटापट. तुला चांगलं माहीत असतं."

मला वाटलं, ती आता बादलीच फेकून मारणार. मी तोंडाला पदर लावून तयारच होते. पण बारकीने धार थांबवली नाही. ढगीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाली, "लिही. एक. धार वेळेवर काढावी."

त्याने लिहिलं. खरंच लिहिलं. "दोन?"

"दोन. कोण येणार आहे, कोण काय म्हणेल, नंबर जाईल का राहील, यासाठी थांबू नये."

तेही लिहिलं, मान डोलवत. "छान आहे हा. तीन?"

बारकी तीन सडांची धार संपवून उठली. बादली बाजूला ठेवली, हात पुसले. त्या दिवसापासून ती माझ्याशी वाकडं बोलली नव्हती, एक शब्दाने नाही. आत्ताही आवाज साधाच होता.

"तिसरा आत्याला विचार," ती म्हणाली. "तिला जास्त कळतं."

भाचा पेन उघडं ठेवून माझ्याकडे वळला. आणि एवढी बोलणारी मी, रिकामी बादली उचलून पलीकडच्या गाईखाली जाऊन बसले.