तांब्याची नळी

प्रत्येक टेबलावर स्टीलची एक पिकदाणी ठेवली होती. व्हिस्की तोंडात घोळवायची, चव लक्षात ठेवायची आणि थुंकायची, असा प्रघात असल्याचं सांगण्यात आलं. सुरुवातीला कोणी थुंकलं नाही. स्कॉटलंडहून आलेल्या वक्त्याने स्वतः थुंकून दाखवलं, तेव्हा सगळे थुंकू लागले. शेवटी पिकदाण्यांमध्ये चीजचे तुकडे तरंगत होते आणि हॉलमध्ये आंबूस वास भरला होता.

मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉटेलातला हा खासगी कार्यक्रम होता. मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी संपवून मी मस्कतला मुलाकडे आलो आहे आणि कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीला मजकूर लिहून देतो. ती व्हिस्की बनवणाऱ्या डिस्टिलरीच्या इतिहासाचं कार्ड मी लिहिलं होतं.

ग्लास भरत फिरणारा स्टुअर्ड वादी कबीर भागात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा देवगडकडचा. त्याचं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं. मुलगी दहावीला. त्याची नोकरी आहे तोवर बायको-मुलीचा व्हिसा. ऐन बोर्डाच्या वर्षी व्हिसा गेला तर मुलीचं वर्ष गेलं. जिन्यात भेटली की त्याची बायको दुसरं काही बोलत नसे.

वक्ता चांगला बोलला. डोंगरातला ओढा, त्याकाठी चोरून दारू गाळणारी माणसं, मग त्यांनीच घेतलेला सरकारी परवाना आणि पुढच्या पिढ्यांची प्रतिष्ठा. सातू जमिनीवर पसरून मोड आणतात, फावड्याने उलटतात, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर वाळवतात. तांब्याचं पात्र झिजलं की नवं करताना जुन्याचा पोचासुद्धा त्याच जागी पाडतात. चव बदलायला नको. पिंपांतून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. तो देवदूतांचा वाटा.

पडद्यावरच्या गोदामाच्या भिंती काळ्याकुट्ट होत्या. मी कारण विचारलं. उडणाऱ्या दारूवर बुरशी वाढते, तो म्हणाला. झाडांवर, शेजाऱ्यांच्या घरांवरही. ही दर्जाची खूण, असं तो हसत म्हणाला. शेजाऱ्यांचं म्हणणं काय, ते त्याने सांगितलं नाही.

मग त्याने नळी काढली. तांब्याची, वीतभर, एका टोकाला नाणं डाक देऊन बसवलेलं, दुसऱ्या टोकाला बूच. पूर्वी कामगार अशा नळीत पिंपातली व्हिस्की भरत आणि पँटच्या आत बांधून घरी नेत. आता डिस्टिलरीत तसली एक जुनी नळी काचेच्या पेटीत ठेवली आहे. हॉल खदखदून हसला. प्रत्येक पाहुण्याला मखमली पिशवीतून तशीच एक नळी भेट मिळाली.

दुक्म बंदराच्या प्रकल्पावरचा एक मराठी इंजिनिअर उठला, नळी पँटमध्ये खोचून लंगडत टेबलांमधून फिरला. "सिक्युरिटी! पकडा रे मला!" हॉटेलचा बँक्वेट मॅनेजर पुण्याचा. त्यानेच फोटो काढला. "सर, अजून थोडं लंगडा ना!"

पाहुणे गेल्यावर मी कार्डं गोळा करत होतो. मागच्या दाराशी गलका झाला. स्टुअर्डच्या मोज्यात पाण्याची छोटी बाटली सापडली होती. तळाशी पिवळसर व्हिस्की. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"थुकलेला नाय घेतलंय, भाऊ. ग्लासात उरलेला. मोरीतच जातला होता."

मॅनेजरने बाटली हुंगली, तोंड वाकडं केलं. "शी! लोकांचं उष्टं पितोस? उद्यापासून येऊ नकोस. खलास."

"साहेब, पोरीची दहावी आसा."

"ते आधी आठवायचं."

मी मॅनेजरला म्हणालो, "तासाभरापूर्वी याच गोष्टीवर तुम्ही हसत होता."

"ते हेरिटेज आहे, सर. कार्डावर तुम्हीच लिहिलंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "याच्याकडे दारूचं परमिट नाही. बाहेर पोलिसांना सापडला असता तर आमचं लायसन्स गेलं असतं. सांगा, मी काय करू?"

परमिटचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरीही मला त्या सगळ्याचीच किळस आली. पिकदाण्या अजून टेबलांवरच होत्या. मॅनेजरने स्टुअर्डला हाक मारून त्या आधी उचलायला सांगितलं. स्टुअर्डने एकेक उचलली, मोरीत रिकामी केली, धुतली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको हॉटेलच्या दारात जाऊन बसली. तडजोड झाली. कंत्राट पुढे नाही. पण बोर्डाची परीक्षा होईपर्यंत व्हिसा रद्द करणार नाहीत. तोवर त्याने मागे भांडी घासायची, हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. त्याने ते मान्य केलं. मुलीला कारण सांगितलं नाही. ती इमारतीतल्या मुलांशी इंग्रजीत बोलते. तिच्यापर्यंत ते त्या भाषेत पोचलं असणार.

मार्चमध्ये त्याच डिस्टिलरीचा दुसरा कार्यक्रम ठरला. मी कार्डं पोचवायला मागच्या दाराने गेलो. स्टुअर्ड पाटावर बसून लिंबू-मीठ लावून भेटीच्या नळ्या घासत होता. दमट हवेने त्या काळवंडल्या होत्या. घासलेल्या नळ्या शेजारी टॉवेलवर चकाकत होत्या. मुलीचा शेवटचा पेपर आदल्या दिवशी झाला होता. गावी परतायला गोव्यापर्यंतची तिकिटं निघाली होती.

"कसे गेले पेपर?" मी विचारलं.

"बरे गेले, म्हणता ती." त्याने एक नळी नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि ओतून टाकली. "भाऊ, ह्येच्यात माझ्या बाटलेपेक्षा जास्त मावता."

तो हसला आणि पुढची नळी घ्यायला वळला.