राहून गेलेली शेवटची घडी

एका पाळकाच्या आत्मचरित्राचं काम आलं, तेव्हा बाइंडरने नाक मुरडलं. "असली पुस्तकं सगळी सारखीच! आधी शंका काढून रडायचं, मग देव भेटला म्हणून नाचायचं." स्वतः तो दर रविवारी बायकोबरोबर चर्चमध्ये जायचा, पण भाऊ गेल्यापासून प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचा.

पाळकाला नावं ठेवण्याच्या नादात एका प्रतीत छापील पानांची शेवटची घडी त्याच्या नकळत शिवायची राहून गेली. नेमकी तीच प्रत त्याने टर उडवायला म्हणून घरी आणली. 'मी लोकांना आशीर्वाद देतो, आणि माझ्या आत कोणीच नसतं,' असं पाळकाने लिहिलं होतं. बाइंडरला हसू आलं नाही. पुस्तक तिथेच संपलेलं पाहून तो म्हणाला, "एक तरी गडी शेवटपर्यंत खोटं बोलला नाही!" रविवारी तो चर्चमध्ये ताठ मानेने बसला.

सोमवारी दुकान झाडताना बायकोला ती घडी सापडली. "अहो, हे राहिलंच की! यात त्याला देव भेटतो बघा."

"भेटला? भित्रा लेकाचा! हाही त्यांच्यातलाच निघाला," म्हणत त्याने घडी हिसकावून कातरणाच्या पोत्यात कोंबली.

पुढच्या रविवारी मात्र भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याने मनापासून प्रार्थना केली.

"देवा, माझ्या प्रतीतल्या त्या पाळकाला सांभाळ. बाकीच्या प्रतींतल्याचं तुझं तू बघ."