उमाजीच्या घोंगडीचा तुकडा

बानूबाई धनगरीण आमच्या ओसरीवर कधी बसली नव्हती. लोकर विकायला आली तरी पायरीखालीच उभी राहायची. कारण गावाला माहीत होतं. निजामाच्या अमदानीत माझ्या सासऱ्यांची, आबासाहेबांची, कडब्याची गंजी जळाली आणि राखेत करपलेल्या घोंगडीचा तुकडा सापडला. तिचा बाप उमाजी सांगत राहिला, मी आग झोडपत होतो. पंचनाम्यात मात्र लिहिलं गेलं, घोंगडीचं टोक पेटवून त्यानेच गंजीत फेकलं. सहा महिने कैद झाली. पुढे छत्तीस वर्षं त्या घरच्या मेंढ्या गावातल्या कुणी खतासाठी शेतात बसवल्या नाहीत. बाप गेला, घरजावई आलेला नवराही गेला. बानूबाई दरसाल कळप लांब येलदरीकडे, परक्या गावच्या रानांत बसवायला, नेत राहिली.

चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात, एकादशीला, मी तुळशीला पाणी घालत होते. ती आली, पहिल्यांदाच पायरी चढली आणि ओसरीवर बसलेल्या मामंजींना म्हणाली,

"मालक, गुडघे गेले माझे. औंदा येलदरी व्हायची न्हाई. मेंढ्या तुमच्या रानात बसू द्या."

"गंजी जाळणाऱ्याच्या लेकीला रान देऊ का?" मामंजी म्हणाले.

"चुलीतली ठिणगी जन्मभर माझ्या मांडीवरच्या घोंगडीवर पडायलीय. तिथंच मरती. लोकर पेट घेत न्हाई. जाळून तर बघा."

"बघूच."

थोरल्या जाऊबाईंनी, सरजाबाईंनी, बाजारातून आणलेली आमची घोंगडी काढली. तुळशीपुढं लावलेल्या निरांजनावर असलं काही पेटवू नये, म्हणून मी चुलीतलं कोलीत दिलं. अंगणात कडबा पसरला. घोंगडीचं टोक भुरुभुरु पेटलं, कडब्यालाही लागलं.

"बघ बाई, असंच केलं तुझ्या बापानं. लय शानी!" जाऊबाई म्हणाल्या.

बानूबाईने जळकं टोक नाकाशी नेलं. "ह्यात सूत हाय वैनी. बाजारवाले उभे धागे सुताचे घालायलेत." तिने खांद्यावरची स्वतःची घोंगडी कोलिताला लावली. केस जळाल्यासारखा वास सुटला, टोक आक्रसून काळं पडलं आणि कोलीत बाजूला घेताच विझलं. तीनदा केलं. तीनदा तेच.

"ही तुझी. त्याची अशीच होती कशावरून?" मामंजींनी विचारलं.

मी आत गेले. राखेत सापडलेला तो तुकडा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. वीस दिवाळ्या मामंजींची ट्रंक आवरताना मी तो उचलून परत ठेवला होता. न विचारता आणून तिच्या हातात दिला.

तिने तो आधी पाहिलेला नव्हता. काठावरच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "ही मायनं घातलेली." मग एक उभा धागा ओढला, एक आडवा. दोन्ही कोलिताला लावले. दोन्ही आक्रसले, विझले, तोच वास.

"आन् मालक, पेटणारी घोंगडी असती तर एवढ्या आगीत हा तुकडा तरी उरला असता का?"

मामंजींनी हात पुढे केला. म्हणाले, "तुकडा ठेव इथं."

"न्हाई. आता माझा हाय." तिने तो कमरेला खोचला. मामंजींनी पुन्हा मागितला नाही.

ज्वारी निघाल्यावर त्यांनी निरोप धाडला, ओढ्याकाठच्या रानात पाच दिवस. माफीचं कुणी बोललं नाही. पहिल्या सकाळी पूजा आटोपून मी भाकरी घेऊन गेले. मेंढ्या उठल्या होत्या, खाली लेंड्यांचा थर पडला होता. शेजारचे रंगनाथराव बांधावरून विचारत होते, "बानूबाई, हितून उठल्यावर माझ्या रानात बसवतीस का?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी बाकीचे कोण कोण इचारायलेत, ते बघू द्या."