घळईतलं गाऱ्हाणं

मानवी बुद्धीच्या सीमेपलीकडे एक अगाध शक्ती उभी आहे आणि तिच्यापुढे भल्याभल्यांना मान झुकवावी लागते. या सदरात लिहिणारे बहुतेकजण अशीच सुरुवात करतात, म्हणून मीही एकदा लिहून घेतलं. आता खरं सांगते. माझी मान त्या दिवशी झुकली होती खरी, पण ती शेवाळावरून घसरून आखडली होती म्हणून.

मी अंधेरीच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. भूत, चकवा, करणी यातल्या कशावरही माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचे लोक मला माझं म्हणणं बदलायला सांगत आहेत. मी ते बदलणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. बोरिवली तेव्हा कागदोपत्रीसुद्धा मुंबईत आली नव्हती. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये मिस्टर दिघे नावाच्या गृहस्थांचं व्याख्यान झालं. कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी फ्रान्सला पाठवलं होतं. तिथून सुट्टीत ते फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आणि इटलीतल्या नद्यांच्या घळयांमधून पायी हिंडून आले होते. पडद्यावर चित्रं दाखवली... पांढऱ्या चुनखडीचे उभे कडे, मधून हिरवंगार पाणी, आणि प्रत्येक चित्रात कोपऱ्यात स्वतः मिस्टर दिघे, डोक्यावर इटालियन फेल्ट हॅट. चित्रं सुंदर होती. कडे मधेमधे हॅटच्या आड येत होते, एवढंच. 

व्याख्यानानंतर त्यांनी एक मंडळ काढलं. "आपल्याकडेही घळया आहेत. फक्त आपल्याला शिस्त नाही," असं ते म्हणाले. गणपती गेल्यावर एका रविवारी आम्ही सातआठ जण बोरिवलीच्या डोंगरात, एका ओढ्याच्या घळईत शिरायला निघालो. मी, माझे यजमान सदानंद, आणि कॉलेजात जाणारी माझी नणंद कुसुम.

सदानंद हे नाव मी इथे लिहिते आहे, पण तोंडाने कधी घेत नसे. घरात सासूबाई होत्या. "अहो" वर आमचा संसार चालला होता. बाकी सुधारणा मी पुष्कळ केल्या, ही तेवढी राहिली होती.

सदानंद मालवणचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः ऑफिसात. शिकलेले, रोज पेपर वाचणारे. पण घळईच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी पिशवीतून वाण्याकडचा नारळ काढला आणि एका उंच दगडावर ठेवला. कोकणात अनोळखी जागेत पाऊल टाकण्याआधी तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. साथ नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही.

मिस्टर दिघे घड्याळाकडे बघत म्हणाले, "तिकडे आम्ही फक्त नकाशाला नमस्कार करायचो, हो."

"नकाशा तुमचो, व्हाळ तेचो," ओढ्याकडे बोट दाखवून सदानंद म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या व्हाळाच्या राखणदारा! आज ही तुजी लेकरां तुज्या वाटेन आत चल्ली हत. तेंका सुखरूप भायर काड रे म्हाराजा!"

सगळे गप्प. कुसुम दिघ्यांना घाबरून गप्प, बाकीचे सभ्यपणे गप्प. सदानंदांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगो, व्हय म्हणाक काय जीभ झिजतली?"

"मला जे पटत नाही ते मी म्हणत नाही," मी म्हटलं. "आणि हे तुम्हाला लग्नाआधी सांगितलं होतं."

ते हसले, पण चेहरा उतरला. गाऱ्हाणं तसंच अर्धं राहिलं आणि आम्ही आत शिरलो.

आत गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंना काळा पत्थर, आणि इतकी अरुंद जागा की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. एका वळणापाशी डाव्या हाताला उंच कपार होती. तिथे आम्ही दशम्या सोडल्या. दिघे आधी एकदा येऊन गेले होते. त्यांनी सांगितलं की वळणापलीकडे घळई दुभंगते. उजवी फट पायऱ्या-पायऱ्यांनी काठावर चढते. डावी पुढे बंद आहे. सदानंद तेव्हा खाली पाण्याशी डबा धुवत होते. हे त्यांनी ऐकलं नाही.

एवढ्यात वारा घोंघावत आला आणि दिघ्यांची हॅट उडाली ती वळणापलीकडे. पोर वाहून जावं तसे दिघे ओरडले. सदानंद "आणतो, आणतो" म्हणत तिच्यामागे गेले.

मग पाणी गढूळ झालं. मी म्हटलं, "वर डोंगरात पाऊस झालेला दिसतो."

"म्हशी असतील," दिघे म्हणाले.

म्हशींनी आणलेलं पाणी बघता बघता कपारीच्या कडेला लागलं. पाला, काटक्या, एक अख्खं झाड. वळणाकडे जायची सोय उरली नाही. दिघ्यांनी शिट्टी फुंकायला सुरुवात केली. त्या जागेत शिट्टी चारही बाजूंनी ऐकू येत होती, म्हणजे तिचा उपयोग शून्य. मी कपारीच्या टोकाला गेले आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"सदानंद! उजवीकडे! उजवीकडे चढा! सदानंद!"

उत्तर नाही. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. दिघ्यांना म्हटलं, "शिट्टी बंद करा, नाहीतर मी ती पाण्यात टाकीन." त्यांनी बंद केली. आणि तेव्हा, पाण्याच्या आवाजापलीकडून, अगदी बारीक, सदानंदांचा आवाज आला. डावीकडून, बंद फटीकडून. ते गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवा म्हाराजा..."

मी तोंड उघडलं. हो, उत्तर द्यायलाच उघडलं होतं. नवरा बुडत असताना तत्त्वं सांभाळत बसण्याइतकी मी मूर्ख नाही. पण घशातून आवाज निघाला नाही. सगळा नाव ओरडण्यात संपला होता.

आणि उत्तर आलं. उजवीकडच्या काठावरून. एक आवाज नव्हता, पाचदहा माणसं एकदम म्हणतात तसं.

"व्हय म्हाराजा!"

कुसुमने माझा दंड धरला. दिघ्यांच्या हातातली शिट्टी खाली पडली. सदानंदांचा आवाज पुन्हा आला, आता जवळून. पुन्हा वरून उत्तर. प्रत्येक वाक्याला ते उजवीकडे सरकत होते हे कानाला कळत होतं. मग बराच वेळ नुसतं पाणी... आणि आमच्या समोरच्या काठावर सदानंद उभे राहिले. गुडघे फुटलेले, आणि डोक्यावर दिघ्यांची हॅट.

पाणी उतरल्यावर आम्ही घळईच्या तोंडाशी भेटलो. त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला.

"बरा झाला, शेवटाक व्हय म्हटलंस. त्याच आवाजान गेलंय, म्हणून वाचलंय. नायतर कोण एक बाई माका नावान हाका मारी होती. तिका भिऊन मी डाव्या फटीत शिरल्लंय."

"ती बाई मी होते."

"काय तरीच काय! तू खंय माका नावान हाक मारतंस?"

रानात कोणी नावाने बोलावलं तर ओ द्यायची नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. आणि त्यांची बायको त्यांना नावाने हाक मारत नाही, हे त्यांना पक्कं माहीत. त्या माणसाचा तर्क बिनचूक होता. माझ्याच हाकेने तो मरणाकडे गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी उत्तराने परत आला.

दिघे म्हणाले, प्रतिध्वनी. दक्षिण युरोपातल्या घळयांत असं होतं म्हणे. प्रतिध्वनी आमच्या वर्गातल्या मुलांसारखा असतो. सांगितलं तेवढंच परत म्हणतो, स्वतःचं उत्तर देत नाही. तरी थंडीत आम्ही पुन्हा गेलो. सदानंद डाव्या फटीतून तेच गाऱ्हाणं ओरडले, मी कपारीवर उभी राहिले. "राजा... राजा..." एवढंच परत आलं. वरच्या काठावर कारवीची झुडपं आणि दगड. जवळच्या पाड्यावर वारली राहतात, त्यांना विचारलं. त्या दिवशी तिकडे कोणी गेलं नव्हतं, आणि त्यांच्यातलं कोणी मालवणी बोलत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, राखणदार होता असं मान्य कर. दिघ्यांचं म्हणणं, घाबरून तुम्हीच ओरडलात, आठवत नाही इतकंच. पण कुसुम माझ्या शेजारी उभी होती. "वहिनी, तुझं तोंड नुसतं उघडं होतं गं," असं ती आजही सांगते. आणि सदानंद अजून अधूनमधून, चहा पिताना, हळूच विचारतात, "सांग ना, तूच होतंस ना?" त्यांना देव नको असतो. त्यांना मी हवी असते. ज्याला त्याला हो म्हटलं तर तिघांचंही समाधान होईल. मी हो म्हणत नाही. जे मी बोलले नाही ते माझ्या नावावर घेणार नाही, आणि ज्याला मी पाहिलं नाही त्याच्या नावावरही टाकणार नाही. कोण बोललं, मला माहीत नाही.

त्यानंतर आम्ही खूप घळया पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी सदानंद गाऱ्हाणं घालतात आणि मी खणखणीत "व्हय म्हाराजा" म्हणते. विश्वास म्हणून नाही. ते काम माझं आहे, पुन्हा दुसऱ्या कोणाला करावं लागू नये म्हणून.

त्या दिवशीचा नारळ दगडावर जिथल्या तिथे होता. सदानंदांनी तो प्रसाद म्हणून घरी आणला आणि सासूबाईंनी देवासमोर ठेवून फोडला. आतून खवट निघाला. सासूबाईंनी वास घेतला, थोडा विचार केला आणि वाणी बदलला.