पाचवं बटण

गल्लीतले सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेचा उंबरा तिने फारसा झिजवला नव्हता. नवरा शिंपी म्हणून गिऱ्हाइकांचा मास्तर, आणि मास्तरची बायको म्हणून ही मास्तरीण. आपल्या कात्रीपेक्षा हिच्या जिभेला धार जास्त, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे आणि ती आतून ताबडतोब उत्तर देऊन ते खरं करून दाखवायची.

हिवाळ्यात मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी टेकत चालणंही जमलं. उजवा हात मात्र रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. मग शिवणाचा भार लेकीने उचलला आणि मास्तरांकडे बटणं लावायचं काम आलं. ज्याने लोकांचे लग्नातले कोट शिवले, त्याने आता शर्टाची बटणं लावायची! मास्तर काहीच बोलले नाहीत. मास्तरीणबाई धास्तावली ती त्यामुळेच.

बटणं अशी लागायची, की फुंकर मारली तर गळून पडतील. एखादं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की हा माणूस पुन्हा सुईला हात लावणार नाही, आणि सुई सुटली की हात कायमचा गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुपारी मास्तर आडवे झाले, की ती शर्ट स्वयंपाकघरात न्यायची, नखाने दोरे ओढून बटणं काढायची आणि नीट लावून परत ठेवायची.

"आई, बाबांना कळलं ना, तर तुझं काही खरं नाही," लेक म्हणायची.

"तू तोंड मिटून बसलीस तर कसं कळेल?"

त्या दुपारी हात सवयीने चालले होते आणि लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. चार बटणं निघाली. पाचवं निघेना. नख लावलं तर नखच तुटलं. "मेलं अडकलंय कुठे?" म्हणत तिने पुन्हा कात्री उचलली आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की आधीच्या चारांनाही आज कात्रीच लागली होती.

तिने शर्ट उलटा केला. टाक्याला टाका भिडलेला, गाठ आत दडवलेली. हे जुन्या मास्तरांचं काम होतं. आणि त्यातली चार बटणं तिच्या तळहातावर पडली होती! तिकडे दूध उतू गेलं, इकडे तिचे डोळे.

"काय करपलं गं?" मास्तर काठी टेकत दारात आले.

"अहो, मी तुमची बटणं काढली."

"ती तर तू रोजच काढतेस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू गाठ वरून मारतेस, मी आतून. आंधळ्यालाही कळेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. मग गिऱ्हाइकं यायची थांबली असती."

"पण आज नीट लागली होती हो! आणि मी मेलीने कापून टाकली!" आता तिला हुंदका आवरेना.

मास्तरांचा चेहराच बदलला. "कापली? नखाने नाही निघाली?"

"नाही ना."

"नीट ओढून बघितलंस?"

"हे बघा, नख तुटलं माझं."

मास्तरांनी ते बोट हातात धरून निरखून बघितलं. उजव्या हातात. पकड चांगली घट्ट होती. तोंडाचा एक कोपरा अजून वाकडाच होता, त्यामुळे हसू अर्धंच उमटलं. पण इतके खूश मास्तर तिने लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहिले.

"सुई-दोरा आण," ते खुर्ची ओढत म्हणाले. "चार पुन्हा लावतो. ते पाचवं तेवढं राहू दे."