चौथ्या मजल्यापर्यंतचा दम

रविवारची दुपार होती, मी कुकर लावत होते आणि फोन वाजला. वाटलं रणजितच असणार. तर टिम. टिम त्याच्याच संघातला, दाराएवढा रुंद, एरवी एकदा सुरू झाला की थांबता थांबत नाही असा मुलगा... त्या दिवशी नुसता जर्मनमध्ये "आल्झो... आल्झो...", म्हणजे तर... तर..., करत राहिला. मी वैतागून म्हटलं, अरे बाबा, बोल की काय ते. मग तो म्हणाला की रणजित सरावात पडला, इस्पितळात नेलं, आणि तो गेला. मी शेगडी बंद केली आणि कुकरकडे बघत उभी राहिले. काही आठवडे झाले याला. अजूनही त्याची आठवण निघाली की मला आधी त्या कुकरच्या झाकणावरचा पोचा दिसतो. का, ते विचारू नका.

रणजित कराडचा. इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी जर्मनीत आखनला आला, तेव्हा आम्ही इथे ह्यांच्या डॉक्टरेटमुळे आधीच येऊन रुतलो होतो. त्याचे वडील, आण्णा, कबड्डीचे प्रशिक्षक. पोराला चालायला लागल्यापासून मैदानात उतरवलेलं, चढाईपटू म्हणून घडवलेलं. तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा खालून जिन्यात काहीतरी पुटपुटणं ऐकू यायला लागलं. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." एका श्वासात चारही मजले चढून हा गडी दारात वाकला, उंबऱ्याला हात लावला, आणि मग कुठे श्वास घेतला. "वहिनी, जिवंत आलो." मी म्हटलं, येड्या, माणसासारखी बेल वाजव. त्याने ती शेवटपर्यंत वाजवली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ श्मिट्सनी सुरुवातीला इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमायस्टरकडे तक्रार केली, की एक तरुण जिन्यात मंत्र म्हणत धावतो. पुढे पुढे त्याच बाई रविवारी दार किलकिलं करून बसायच्या, आणि त्याला उशीर झाला की मलाच विचारायच्या, आज तो मुलगा येणार नाही का?

कबड्डी इथे कुठून मिळणार? म्हणून तो युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात घुसला. तो फुटबॉल पायाचा नव्हे... चेंडू पोटाशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या आडदांड माणसांना चुकवत पुढे पळायचं, असं पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. रणजितला वाटलं, ही तर चढाईच. पहिल्या सामन्याला आम्ही दोघं थंडीत कुडकुडत गेलो होतो. चेंडू हातात आला, गडी सुसाट सुटला, दोघांना चुकवलं, तिसऱ्याचा हात त्याच्या खांद्याला लागला मात्र... आणि हा गर्रकन वळला आणि आपल्याच बाजूला धावत सुटला! गडी टिपला, आता जिवंत परतायचं, हे इतक्या वर्षांचं अंगात मुरलेलं. कमावलेलं सगळं अंतर त्याने स्वतःच्या पायांनी घालवलं, वर आणखी खाली वाकून जमिनीला हातही लावला. मैदान हसून लोळत होतं. मीही हसले. कोचने मग महिनोन्महिने त्याला एकच गोष्ट शिकवली, हात लागला तरी मागे वळायचं नाही.

आणि तो शिकला. असा शिकला की दोन वर्षांत कोणाच्या तरी नजरेत भरला आणि प्रोफेशनल लीगमधून बोलावणं आलं. तिथे बहुतेक बाहेरून आलेले, अमेरिकन कॉलेजांतून तयार झालेले खेळाडू. त्यांच्या मानाने हा चिमणीएवढा. शिबिर आखनपासून लांब, बाड हॉम्बुर्गच्या जवळ होतं, शिबिराच्या शेवटी संघ जाहीर होणार. आण्णा मुळीच तयार नव्हते. आमच्याच फोनवरून, फोनकार्ड संपेपर्यंत बापलेकांची जुंपायची आणि मी स्वयंपाकघरात ऐकत असायचे. शेवटी आण्णा म्हणाले, एक सीझन खेळ, मग घरी ये. एवढ्यावर मिटलं. निघायच्या आधी तो जेवायला आला, दोन वेळा आमटी मागून घेतली. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "वहिनी, नाव लागलं की आण्णांना मॅच बघायला बोलावणार. व्हिसाचं तेवढं दादांना बघायला सांगा."

व्हिसाचं ह्यांनी बघितलं. आण्णा आले.

शिबिराच्या गावीच अंत्यसंस्कार उरकल्यावर टिम आम्हाला भेटायला आला. तोही त्याच शिबिरात होता. आण्णांना सगळं ऐकायचं होतं, आणि ते मराठीत सांगायचं काम माझ्या नशिबी. संघ जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी सराव सामना होता. रणजितची कोणाशी तरी डोक्याला डोकं लागून टक्कर झाली. उठला, बरा आहे म्हणाला. पुढच्याच खेळीत चेंडू त्याच्याकडे आला, कोणाचा तरी हात लागला आणि तो वळला. मागे, आपल्या बाजूला धावत सुटला. सगळे हसायला लागले, कोच ओरडला. आपल्या बाजूला पोचल्यावर रणजित वाकला, जमिनीला हात लावला, आणि तसाच आडवा झाला. "मीपण हसलो," टिम म्हणाला. एवढा धिप्पाड मुलगा, लहान पोरासारखा रडत होता. ते वाक्य मी आण्णांना सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हात तिथेच ठेवून आण्णा माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "सूनबाई, याला विचारा... वाकला तेव्हा त्याचा दम चालू होता का?"

मी विचारलं. टिम जवळच होता. म्हणाला, "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, तो पुटपुटत होता. अगदी जमिनीला हात लावेपर्यंत.

आण्णांनी मान हलवली. "मग बाद नाही माझा पोरगा."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आखनला आले, अस्थी घेऊन. गुडघे दुखरे, प्रत्येक मजल्यावर थांबत होते. ह्यांनी हात पुढे केला, पण कलश त्यांनी दिला नाही. फ्राउ श्मिट्स दारात उभ्या होत्या. शेवटचा जिना चढताना आण्णांचे ओठ हलत होते. दारात ते कसेबसे वाकले, कलशाचा तळ उंबऱ्याला टेकवला, आणि मग श्वास घेतला.

आता आण्णा कराडला पोचलेत. आमचा रविवार येतो. स्वयंपाक अजून एका माणसाचा जास्तच होतो, हात ऐकत नाही. खालून आवाज येतो... येतो म्हणजे, मला येतो. ह्यांना मी सांगितलेलं नाही, उगाच काळजी करतील. पण परवा मी दार उघडून जिन्यात डोकावले, तर दुसऱ्या मजल्यावर फ्राउ श्मिट्सचं दारही किलकिलं होतं. त्यांनी वर बघितलं, मी खाली. मग त्यांनी हलकेच विचारलं, "तुम्हालाही?"