लामाचा खरवस

माझा पुतण्या इंद्रजित म्हंजे उंटावरचा शहाणा. मारुंजीची जमीन बिल्डरला दिली, कासार आंबोलीत फार्म काढला, अन् पुण्याच्या लोकांनी फोटो काढावेत म्हणून लामाची जोडी आणली. उंटाच्या जातीचं, मेंढरागत लोकरीचं, चिडलं की तोंडावर थुंकणारं जनावर! ह्या बाबानं उभ्या जन्मात शेळीची धार काढली न्हाई, गोठ्यात शिरला तर नाकाला रुमाल. तरी पाटी काय, तर 'लामा ब्रीडिंग सेंटर'. हसावं का रडावं?

मादी गाभण राहिली तवा गडी छाती काढून हिंडला. डॉक्टरनं बजावलं, "पिल्लू झालं की पहिला चीक त्याच्याच पोटात गेला पाहिजे. त्यावरच ते जगतं." ह्यानं मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी मादी व्याली. लांब पायांचं ओलं पिल्लू लटपटत उभं राहिलं, आचळ हुंगाया लागलं. बघते तर हा पातेलं घेऊन मादीखाली बसलेला!

"आरं, त्याला पिऊ दे की आधी!"

"काकी, पहिलं वेत हाय. भावकीत खरवस वाटायचा न्हाई व्हय? लामाचा खरवस मुळशीत कुणी खाल्लाय का?"

"मुडद्या, ही काय म्हैस हाय? हिच्या आचळात असतंय किती?"

ऐकतोय कुटला! दोनदा थुंकी तोंडावर घेतली, पर पार निपटून पिळलं. गाईचं दूध घालून वाढवलं, गूळ-वेलची टाकली, कुकरात लावलं. आमची म्हातारी माणसंबी खरवस करायची, पर वासराचं पोट भरल्यावर. ह्याला रीत तेवढी ठावी, जीव न्हाई.

पिल्लू कोरड्या आचळाला ढुसण्या देऊन देऊन खाली बसलं. मी डॉक्टरला फोन लावायला लावला.

"चीक कुठं आहे?" डॉक्टर ओरडला.

"वड्या पाडल्या, साहेब."

"मग शेळीचा चीक शोधा, आत्ताच्या आत्ता!"

मी वाडीभर पळाले. कुणाचीच शेळी नुकती व्यालेली न्हवती. माघारी आले तर हा दिवटा डबे भरून भावकीत धाडत व्हता.

दुपारी पिल्लानं मान टाकली. मादी त्याच्यापाशी उभी राहून बारीक कण्हत व्हती. मला असा संताप आला की ह्याच्यावर हात उगारला.

इंद्रजितनं पिल्लाकडं बघितलं, मग रिकाम्या पातेल्याकडं.

"काकी, पुढच्या येळंला चार माद्या आणतो. वरच्या आळीला खरवस पुरला न्हाई."